दोन विहिणी, जयगड ते देवगड

विपुलला बोट लागली तेव्हा बोट सुरू होऊन पंचवीस मिनिटंही झाली नव्हती.

सहलीची कल्पना त्याचीच. अमरावतीला कृषी खात्यात नोकरी करणारा हा माणूस तीन महिने रोज जेवण झालं की मोबाइलवर समुद्राचे व्हिडिओ बघत बसायचा. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून, सगळं पाठ. जयगडला बोटीत बसायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली देवगडपर्यंत जायचं. चार दिवस. घाई कसलीच नाही. वाटेत खाडी दिसली की आत शिरायचं, गावात हिंडायचं, रात्री तिथल्याच कुणाच्या घरी मुक्काम करायचा. बरोबर बायको प्राजक्ता आणि दोघांच्या आया. त्याची आई गोदाबाई आणि तिची आई मैनाबाई.

"दोघींना एका बोटीत?" प्राजक्तानं डोळे मोठे करून विचारलं होतं.

"मंग काय? चार दिवस समोरासमोर बसल्या की बोलतीन आपोआप," विपुल म्हणाला होता. "जातीन कुठी?"

त्या दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि त्याचं कारण होतं पाणी. गोदाबाईचं गाव बाळापूरजवळचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं, आणि नळाला पाणी दहा-बारा दिवसांनी आलं तर आलं. मैनाबाई हिवरखेडची. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, विहिरीला गोड पाणी, घरची संत्र्याची बाग. मुलांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गोदाबाईच्या घरी झालं तेव्हा मैनाबाई जीपमधून उतरली ती वीस लिटरची पाण्याची कॅन घेऊन. दिवसभर ती त्या कॅनमधलंच पाणी प्याली. गोदाबाईनं घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या तिच्यापुढे धरला, तर तिनं नुसता हात लावला आणि तांब्या बाजूला ठेवला.

"माह्या दारात येऊन माह्या पान्याले नुसता हात लावला," हे वाक्य गोदाबाईनं तीन वर्षांत नात्यातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. काहींना दोनदा.

पोरांचं आधीच ठरलेलं होतं म्हणून लग्न झालं. पहिल्या दिवाळीला मैनाबाईनं हिवरखेडहून संत्र्यांची एक पेटी पाठवली. गोदाबाईनं ती म्हशीपुढे ओतली, अशी बातमी आठ दिवसांत हिवरखेडला पोचली. तेव्हापासून सगळा कारभार पोरांमार्फत.

सहलीला निघताना गोदाबाईच्या हातात पाच लिटरची कॅन होती, घरच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली. "मले दुसऱ्याचं पानी मानवत नाही," असं तिनं अकोला स्टेशनवर सूनबाईला सांगितलं, पण आवाज असा लावला की चौथ्या फलाटावरच्या माणसालाही कळावं. मैनाबाईनं मान वळवून चहाच्या गाड्याकडे बघितलं. दोन गाड्या बदलून रत्नागिरी आणि तिथून जीपनं जयगड, एवढ्या प्रवासात गोदाबाईनं ती कॅन कुणाला उचलू दिली नाही.

बोट दामिनीची होती. दामिनी चाळिशीची, उन्हानं रापलेली, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली बाई. सुकाणू तिच्या हातात. तिचा नवरा रोहित इंजिनाचं तेल बघायचा आणि स्वयंपाक करायचा. मूळची मासेमारीची लाकडी बोट, तिच्यावर ताडपत्रीचं छत, दोन्ही कडांना बाकं आणि मागच्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम. रोहितनं सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घातली. गोदाबाईचं लुगडं आणि वर ते जॅकेट बघून प्राजक्ताला हसू आवरेना.

"बाई बोट हाकते अन् मानूस पोया करते," गोदाबाई चहूकडे बघून म्हणाली. "बरं हाये अठी."

ती डाव्या बाकावर बसली. मैनाबाई लगेच उजव्या.

मग वीसेक मिनिटं गेली. विपुल सगळ्यांना लाटा कशा तयार होतात ते समजावून सांगत होता. वाक्य अर्ध्यावर सोडून तो कडेला धावला. त्यानंतर त्यानं काहीच समजावून सांगितलं नाही. दामिनीनं पहिली खाडी आली तशी बोट आत घेतली. वरवड्याच्या किनाऱ्यावर विपुल उतरला आणि वाळूतच बसला. तोंड पिकल्या निंबासारखं झालेलं.

"मी रस्त्यानं येतो देवगडले," तो म्हणाला. "पायी येतो. पन त्या बोटीत नाही बसत."

प्राजक्तानं सामान काढलं. "आई, चला, उतरा."

ती दोघींनाही आईच म्हणायची. दोघींनी ऐकलं आणि दोघीही हलल्या नाहीत.

"ज्यायले उतराचं असन त्यायले उतर म्हना," गोदाबाई दामिनीकडे बघून म्हणाली. "मले तं काही झालं नाही."

"मलेही काही झालं नाही," मैनाबाई समुद्राकडे बघत म्हणाली. "कोनाले भेव वाटत असन तं त्यायनं खुशाल जावं."

"भेव? मले?" गोदाबाईनं बाकाची कड घट्ट धरली. "दामिनीबाई, चालू करा तुमचं इंजिन."

विपुलनं वाळूत बसल्याबसल्या हात जोडले. "माय, उतर ना वं. तुमी दोघीच कशा..."

"तू निंबू चोख अन् गुमान बस. आमी देवगडले भेटतो."

आमी हा शब्द तोंडातून निसटला तसं तिनं ओठ मिटून घेतले. मैनाबाईनं तो ऐकला होता, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बोट खाडीतून बाहेर पडली. किनाऱ्यावर दोन ठिपके हात हलवत राहिले, त्यातला एक मध्येच पुन्हा खाली वाकला.

मग पहिला दिवस दामिनीचा कसोटीचा गेला. तिनं आजवर पुण्याची, मुंबईची, परदेशचीही माणसं नेली होती, पण बोटीत समोरासमोर बसून आपल्यामार्फत बोलणारी माणसं तिनं पाहिली नव्हती.

"त्यायले सांगा, पदर वाऱ्यानं उडून राह्यला, माह्या तोंडावर येते," गोदाबाई म्हणायची.

"त्यायले सांगा, मंग थोडं सरकून बसा म्हनाव. बाक लांब हाये," मैनाबाई म्हणायची.

दामिनी दोन्ही निरोप पोचवून थकली. शेवटी तिनं सांगणंच सोडलं आणि नुसती मान हलवू लागली. तेवढ्यावरही काम चालत होतं, कारण दोघींना सगळं ऐकू येतच होतं.

किनारा सावकाश मागे सरकत होता. लाल कौलं, सुरूची रांग, मध्येच काळा कडा आणि त्याच्या पायथ्याशी फुटणारा पांढरा फेस. दोघींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. दोघी बघत होत्या, पण आपल्याला त्याचं काही विशेष वाटतंय हे समोरचीला दिसू नये एवढी काळजी घेऊन. गोदाबाईनं एकदा हात बाहेर काढून पाणी ओंजळीत घेतलं आणि जीभ लावली.

"आमच्यापेक्षा जरा जास्तच हाये," तिनं दामिनीला अहवाल दिला. "मीठ."

दुपारी रोहितनं माशांची आमटी आणि भात वाढला. ओलं खोबरं, कोकम, छान पिवळसर रंग. दोघींनी पहिला घास घेतला. दोघींचे हात एकदमच थांबले.

"याच्यात गूळ घातला का हो?" मैनाबाईनं विचारलं.

"नाही मावशी. नारळाचा गोडवा आहे."

"तिखट घालाचं इसरले काय?" गोदाबाईनं विचारलं.

"तिखट आहे की त्यात."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. क्षणभरच. मग आपापल्या पिशव्यांत हात घातले. गोदाबाईच्या पिशवीतून ठेच्याची बाटली निघाली, मैनाबाईच्या पिशवीतूनही ठेच्याची बाटली निघाली. प्रत्येकीनं आपापलाच ठेचा खाल्ला.

संध्याकाळी रत्नागिरीच्या पुढच्या खाडीत शिरल्यावर दामिनीनं रोहितला हाक दिली, "नांगर टाक रे!"

गोदाबाई ताडकन उठली. आयुष्यभर काळी जमीन कसलेली बाई. "नांगर? पान्यात? अठी काय पेरता?"

रोहितनं चार दात्यांचं लोखंड दाखवलं, दोराला बांधलेलं, आणि पाण्यात सोडलं. गोदाबाई वाकून बघत राहिली. "माह्या घरी सांगतलं तं कोनी खरं नाही मानन," ती पुटपुटली. बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती, पण ऐकायला जवळ फक्त मैनाबाई होती.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बोट पूर्णगडाला पोचली. डोंगरावर छोटा किल्ला, खाली खाडी, खाडीच्या काठाला माडांत लपलेलं गाव. नाव ऐकून गोदाबाई खुलली. तिच्या गावाकडची नदी पूर्णा. "आमच्या पूर्णेचा गड हाये का हा?" तिनं विचारलं. दामिनीला काही सांगता येईना. गोदाबाईनं ते हो म्हणूनच धरलं.

मुक्काम माणिकबाई नावाच्या एका म्हातारीच्या घरी होता. अंगणात चिरेबंदी विहीर. विहिरीपासून समुद्राची वाळू पन्नास पावलांवर, लाटांचा आवाज सरळ अंगणात येत होता. माणिकबाईनं रहाटानं पाणी काढून पाय धुवायला दिलं आणि तांब्याभर प्यायला. मैनाबाई आधी प्याली.

"गोड हाये," ती म्हणाली. साधंच म्हणाली, पण तिच्या तोंडून तो शब्द म्हणजे गोदाबाईला सुईच टोचली.

"काही सांगू नका. समुद्र हाकेवर हाये."

"पिऊन पाहा म्हना त्यायले," मैनाबाई माणिकबाईला म्हणाली. आता म्हातारीही निरोप्या झाली होती.

गोदाबाईनं स्वतः बादली सोडली, स्वतः ओढली आणि ओंजळीनं प्याली. पाणी गोड होतं. नारळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, गोड. ती रहाट धरून उभी राहिली. समुद्र इथं, पन्नास पावलांवर, आणि विहीर गोड. आणि बाळापुरात, जिथं समुद्राचा वाससुद्धा नाही, तिथं तिच्या सासऱ्यानं खणलेली विहीर खारी, दिरानं खणलेली खारी, नवऱ्यानं पुंजारामनं हौसेनं मारलेला बोअर सगळ्यांत खारा. तिला हे पटेचना. देवाशी भांडावं तर तो कुठे राहतो हे माहीत नाही, म्हणून ती माणिकबाईवरच उखडली.

"तुमी याच्यात काही टाकता का?"

"काय टाकणार गो बाय?"

मैनाबाई पदराआड हसली. ते गोदाबाईनं पाहिलं.

सकाळी सात वाजता निघायचं होतं. "सुकती लागायच्या आत खाडीच्या तोंडातून बाहेर पडायला हवं," दामिनीनं रात्री दोनदा बजावलं होतं. पाणी ओसरू लागलं की तोंडाशी वाळू वर येते. सात वाजले, मैनाबाई बोटीत बसली, रोहितनं ड्रम भरून ठेवला, पण गोदाबाईचा पत्ता नाही. ती गावात होती. एक विहीर गोड निघू शकते, दैवयोग म्हणून सोडून देता येतं, म्हणून तिनं ठरवलं की बाकीच्या बघायच्या. ती आधी माणिकबाईच्या विहिरीवर पुन्हा जाऊन आली. मग शेजाऱ्यांच्या. मग देवळामागच्या. मग शाळेच्या. चारही गोड. पाचवी शोधत ती निघाली तेव्हा रोहित धावत आला आणि तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. आठ वाजून गेले होते.

नऊच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी बोटीच्या पोटाखालून खर्रर्र आवाज आला. बोट थांबली. दामिनीनं इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं, रोहितनं लांब बांबू लावून जोर दिला. बोट हलली ती फक्त एका बाजूला कलली. मागचा निळा ड्रम आडवा झाला, झाकण उडालं आणि पिण्याचं पाणी फळ्यांवरून वाहत खाडीत गेलं. रोहितनं उडी मारून ड्रम उचलला तेव्हा तळाशी वाटीभर उरलं होतं. त्यात डिझेलचा तवंग.

दामिनी कपाळाला हात लावून खाली बसली. "आता चार वाजेपर्यंत इथंच. पाणी जाईल तेवढं जाणार, मग परत येणार, तेव्हा कुठे बोट उचलली जाणार."

गोदाबाईला कळलं की हे आपल्यामुळं झालं. आता ती मैनाबाईच्या बोलण्याची वाट पाहू लागली. मैनाबाईला सुनावायची तीन वर्षांतली सर्वांत चांगली संधी होती. पण मैनाबाईनं ती सोडून दिली. ती ताडपत्रीच्या कडेला सावलीचा तुकडा होता त्यात सरकली आणि डोळे मिटून बसली.

दहा वाजले, अकरा वाजले. पाणी मागे हटत गेलं आणि बोटीच्या भोवती ओली वाळू उघडी पडली. ऊन चढलं. मैनाबाईचे ओठ कोरडे पडले होते. दोनदा तिनं रिकाम्या ड्रमकडे पाहिलं. गोदाबाई तिच्याकडे बघत होती. शेवटी तिनं बाकाखालून आपली कॅन ओढली, झाकण उघडलं, पेला भरला आणि कुणालाही मध्ये न घालता पुढे धरला.

"घ्या, इहीनबाई."

तीन वर्षांत पहिल्यांदा. दामिनी आणि रोहित दोघांनीही हातातलं काम थांबवलं.

मैनाबाईनं पेल्याकडे पाहिलं. हात पुढे केला, पेल्याला लावला आणि मागे घेतला.

झालं. गोदाबाईचा आवाज खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू गेला. "आजही नाही? उन्हात वाळून राहिल्या, घसा कोरडा पडला, तरी आमचं पानी तोंडाले नाही लावाचं? एवढी शिवाशिव काहाची? विष घातलं काय त्याच्यात? काय खोट हाये आमच्या घरात?"

"खोट तुमच्या घरात नाही," मैनाबाई म्हणाली. "माह्या पोटात हाये."

"काय?"

"मुतखडा. साक्षगंधाच्या आठ दिवस आंधी कळ आली, मी गडबडा लोळली. अकोल्याच्या डाक्टरनं फोटू काढला. म्हने, खारं पानी थेंबभर घ्याचं नाही, अन् गोडं पानी दिवसभर ढोसाचं. मंग काय करू? कॅन घेऊन आली."

"मंग सांगाचं ना तवाच!"

"कशी सांगू? पोरीचं साक्षगंध. सांगतलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, माय रोगी हाये, उद्या पोरगी रोगी निघन."

गोदाबाईनं खरंच विचार केला. मग म्हणाली, "म्हनलीच असती. मी तशीच हाओ."

एक बगळा बोटीजवळच्या वाळूवर उतरला, इकडे तिकडे बघून परत उडाला.

"प्राजक्ताले माहीत हाये?" गोदाबाईनं विचारलं.

"नाही. तिले सांगतलं असतं तं तिनं तुमाले सांगतलं असतं."

"अन् आता? गेला खडा?"

"एक गेला. दुसरा हाये म्हनते डाक्टर. आज पानी नाही पेली तं रातच्याले मले कोनी झोपू देनार नाही."

गोदाबाई उठली. तिनं पेला खाडीत रिकामा केला. मग कॅन उचलून कडेवर तिरपी केली आणि बाळापूरहून दोन गाड्या बदलून आणलेलं पाणी उरलं होतं तेवढं सगळं ओतून टाकलं. लुगड्याचा काचा घट्ट केला आणि बोटीच्या कडेवरून पाय खाली सोडला.

"अहो मावशी, कुठं निघालात?" दामिनी ओरडली.

"पान्याले."

"जॅकेट तरी काढा!"

पण गोदाबाई तोपर्यंत वाळूवर उतरली होती. नारिंगी जॅकेट, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात रिकामी कॅन. मध्ये एका ठिकाणी घोटाभर पाणी होतं, तिथं ती थबकली, मग छपछप करत पार झाली. रोहित मागे धावला. मैनाबाई सावली सोडून बोटीच्या टोकाशी आली आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

माणिकबाई अंगणात सुपारी निवडत होती. समोर पुन्हा तीच बाई बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. "आता काय झालं गो? परत चाखायची?"

"नाही, भराची हाये," गोदाबाई म्हणाली. "तुमचं पानी चांगलं हाये. मी आपली सकाळी उगाच तपासत होती."

कॅन भरली. रोहित म्हणाला, द्या मी घेतो. तिनं दिली नाही. चुंबळ करून कॅन डोक्यावर घेतली आणि आली तशी परत निघाली. हे दृश्य खाडीतल्या दोन होड्यांनी आणि पुलावरून जाणाऱ्या एका एसटीनं पाहिलं. एसटीतून कुणीतरी शिट्टीही मारली.

मैनाबाई एक पेला प्याली. दुसरा प्याली. गोदाबाई समोर उभी.

"अजून एक."

"बस झालं वो. पोट हाये का हौद?"

"डाक्टरनं ढोसाचं म्हनलं ना? ढोसा."

तिसरा पेला संपल्यावर गोदाबाई शेजारी बसली, त्याच बाकावर. थोडा वेळ पायाची वाळू झटकत राहिली. मग एकदम म्हणाली, "ते संत्र्याची पेटी मी म्हशीले घातली नवती."

"काऊन खोटं बोलता? कानावर आलं होतं, ओतली म्हनून."

"तेच सांगून राह्यली ना. घातली नाही. आमीच खाल्ली. मीच जास्त खाल्ली. लय गोड होती. म्हशीले घातली असं मी गावात चारचौघींत बोलली, तुमच्या कानापर्यंत जावं म्हनून."

मैनाबाई तिच्याकडे बघत राहिली. तिला आधी राग आला, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. नाक फुललं. मग कुठूनतरी हसू आलं आणि ते थांबेना. तिला ठसका लागला, गोदाबाई पाठीवर थापट्या मारू लागली आणि मारता मारता तीही हसू लागली. "सारी पेटी?" मैनाबाई मध्येच विचारायची. "सारी!" गोदाबाई म्हणायची, आणि पुन्हा सुरू.

चार वाजायला अजून बराच वेळ होता. रोहितनं वाळूत हात घालून शिंपल्या काढायला सुरुवात केली. दोघी विहिणी शेजारी उकिडव्या बसून काढू लागल्या. तुरीच्या शेंगा तोडायला बसावं तशा. टोपलीभर झाल्यावर गोदाबाईनं रोहितला चुलीपासून उठवलं. कांदा मैनाबाईनं चिरला, तिखट गोदाबाईनं घातलं, मैनाबाईला ते कमी वाटलं म्हणून तिनं आपल्या बाटलीतला ठेचाही घातला. दामिनीनं पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रोहित काही न बोलता उठला आणि कॅनकडे गेला.

"पानी जपून प्या," गोदाबाईनं त्याला दटावलं. "ते यायच्यासाठी आनलं हाये."

चारला पाणी परत आलं. बोट सरळ झाली, हलली, तरंगली. खाडीतून बाहेर पडताना दामिनी जरा संकोचून म्हणाली, "मावशी, एक विनंती आहे. बोट वाळूवर चढली हे बाहेर कुठे बोलू नका. आधीच बाईच्या हातात सुकाणू म्हणून लोक चार प्रश्न विचारतात."

"बोट?" गोदाबाई म्हणाली. "कोनती बोट? आमी तं शिंपल्या काढाले थांबलो होतो."

"हो ना," मैनाबाई म्हणाली. "त्यायनंच हट्ट धरला."

"मी धरला? तुमी धरला!"

त्या दिवशी अंधार पडायच्या आत विजयदुर्गापर्यंत पोचणं झालं नाही, अलीकडच्याच एका लहानशा बंदरात मुक्काम पडला. दामिनीला हरकत नव्हती. चौथ्या दिवशी विजयदुर्गाच्या तटाखालून बोट गेली तेव्हा दोघी एकमेकींना किल्ल्यातली भोकं मोजून दाखवत होत्या आणि आकडा जुळत नव्हता.

देवगडच्या धक्क्यावर विपुल आणि प्राजक्ता सकाळपासून उभे होते. तीन रात्री त्यांना नीट झोप नव्हती. आया फोनवर "बरं हाये" एवढंच सांगत होत्या, आणि या दोघींच्या बाबतीत त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. बोट धक्क्याला लागली. आधी मैनाबाईनं हात देऊन गोदाबाईला वर चढवलं, मग गोदाबाईनं मैनाबाईची पिशवी ओढून घेतली.

"आई," प्राजक्ता म्हणाली.

"काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

"काय झालं? कसं झालं? भांडण..."

"काहाचं भांडन?" मैनाबाई म्हणाली. "हे बघ, घरी गेल्यावर माह्यासंगं डाक्टरकडे याचं हाये तुले. घाबराचं काही नाही. सांगीन सावकाश."

"आपन दोघी नेऊ यायले," गोदाबाईनं दुरुस्ती केली. मग ती विपुलकडे वळली. "दामिनी उद्या रिकामीच जयगडले वापस चालली हाये. आमी तिच्यासंगंच जातो. तुमी दोघं रस्त्यानं रत्नागिरीले जा अन् थांबा तठी."

"माय, परवाची गाडी हाये आपली!"

"मंग परवा भेटतोच ना स्टेशनवर. दोन दिवस मोकये फिरा. लगन झाल्यापासून कुठी गेले तुमी दोघंच?"

प्राजक्तानं मान खाली घातली. विपुलनं शेवटचा उपाय म्हणून गावी फोन लावला. पुंजाराम वावरात होता, हरभरा सोंगणं, म्हणजे कापणी, चालू होतं. विपुलनं सगळं सांगितलं.

"इहीनबाई जित्त्या हायेत ना?" पुंजारामनं विचारलं.

"हायेत. दोघी हसून राहिल्या."

"मंग तू काऊन फोन लावला? राहू दे त्यायले. हरभरा मी सोंगतो. अठी लय शांत हाये, घाई करू नको म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. विपुल निरोप द्यायला धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत गेला, पण पाण्याकडे बघायचं त्यानं टाळलं. बोटीत दोघी विहिणी एकाच बाकावर बसल्या होत्या आणि वाटेत कुठे थांबायचं यावर त्यांचं जोरात चाललं होतं. मैनाबाईला किल्ला आतून बघायचा होता, गोदाबाईला एक बंदर आवडलं होतं. दामिनी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. इंजिनाच्या आवाजात सगळं मिसळून गेलं.

"नेमकं झालं काय असन वं यायचं?" विपुलनं विचारलं.

"मले काय माहीत?" प्राजक्ता म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. "चाल, आंधी कुठंतरी चहा पिऊ."